कबूल की ओके?

“...मुलगा झाला, दोघं खुशाल. मिळाला का मजकूर?” तुळजापूरहून टेलिफोनवर कुणाचा तरी नवाच आवाज तार सांगत होता.

“कबूल!” उस्मानाबादच्या टेलिफोन कचेरीतून शरिफा सवयीनं म्हणाली.

पलीकडून हळूच, “एवढ्या लवकर? अजून तर म्या नावबी न्हाय विचारलं!”

शरिफाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हा चाँदपाशा, तुळजापूरच्या कचेरीत नुकताच बदलून आलेला. मूळ सोलापूरचा, तिकडच्या इंग्रजी अमलाच्या शिस्तीत तयार झालेला. निजामाचं राज्य गेलं, हैदराबादचं टेलिफोन खातं हिंदुस्थानच्या मोठ्या खात्यात मिसळलं आणि वरून हुकूम आला – तार उतरवून घेतली की ‘कबूल’ नाही, ‘ओके’ म्हणायचं. पण जिभेला हुकूम थोडाच वाचता येतो!

“ओके काय, ओके!” ती फणकारली. “ओकारी आल्यावानी वाटतं. आमच्या खात्यात माणसं माणसांसारखी बोलत होती.”

“आन् आमच्या खात्यात कामं वेळेवर व्हत होती.”

झालं! रोज खटके उडू लागले. तो मुद्दाम घोळवून घोळवून मजकूर सांगायचा, ती दातओठ खात ‘ओके’ म्हणायची. पण पावसानं लाइन बंद पडली, की दिवसभर तिला घास गोड लागत नसे. आपण त्या आवाजाच्या प्रेमात पडलोय, हे तिला केव्हाच उमगलं होतं. सांगणार कोण?

अशात एके सकाळी मोठे बाबू मल्लिनाथअप्पा म्हणाले, “शरिफाबी, सोमवारपासनं तुळजापूर थेट सोलापूरला जोडणार. तिकडचं काम आपल्याकडं न्हाय.”

“आन् तिथली माणसं?”

“माणसांचं हुकमात काय न्हाय, पोरी.”

शनिवारी शेवटची तार झाली. शरिफानं धीर करून विचारलं, “काय सांगायचं राहिलंय का?”

“राहिलंय की... म्हणजे... तब्येतीला जपा.”

तिनं फोन असा आदळला की अप्पा दचकले. एरवी एवढा बडबड्या, आणि ऐनवेळी दातखीळ! त्या रात्री ती उशीत तोंड खुपसून रडली.

सोमवारी खिडकीशी एक उंच तरुण येऊन उभा राहिला. छत्री निथळत होती.

“कुठं फोन लावायचा?” तिनं विचारलं.

“कुठंच न्हाय.”

दोनच शब्द, पण आवाज तोच! शरिफाचं काळीज लक्कन हललं.

“फोनवर तर लई बोलत व्हता!”

“फोनवर तुम्ही दिसत नव्हता ना...” चाँदपाशा छत्रीची मूठ चाचपत म्हणाला. “रजा टाकून आलोय. खात्यानं लाइन तोडली, मला न्हाय तोडायची. अम्मीला तुमच्या घरी पाठवू?”

शरिफानं अप्पांकडं पाहिलं. अप्पा एकाएकी बाहेरचा पाऊस बघण्यात दंग झाले होते.

“जुम्म्याला नमाजनंतर अब्बा घरीच असतात,” ती मान खाली घालून म्हणाली. “पण अम्मींना एकटं धाडू नका... तुमीबी या. चार दिवस तुमचं बोलणं ऐकल्याबिगर कसं राहायचं, त्याचीच मला फिकीर लागलीय.”