इंजिन धुतलं त्या रात्री

दार लोटून घे गं. आणि तू, तो मोबाइल खिशात टाक. ही गोष्ट ऐकीव नाही, माझ्या ओळखीच्या माणसावर गुदरलेली आहे. गेल्या नोव्हेंबरातली, तेरा तारखेची, गुरुवारची रात्र.

आमचा फोरमन. नोकरी सुटून पंधरा वर्षं झाली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. हमरस्त्याला लागून त्याचं गॅरेज. पत्र्याची शेड, मधोमध छातीएवढा खड्डा. वर गाडी उभी करायची आणि खालून काम करायचं. त्या संध्याकाळी सातच्या सुमारास खडीवाला शेठ आपली पंचवीस वर्षांची डिझेल गाडी घेऊन आला.

"फोरमन, तेल गळतंय. सकाळी पाचला निघायचंय मला."

"कुठून गळतंय, शेठ?"

"ते कळलं असतं तर तुझं तोंड बघायला आलो असतो का?"

तेही खरंच. गाडी म्हातारी झाली की तेल कुठून गळतं ते तिलाही सांगता येत नाही. वरून ओघळतं, वाऱ्यानं मागे जातं. थेंब एकीकडे पडतो, भोक भलतीकडेच असतं. म्हणून फोरमनची पद्धत ठरलेली. आधी इंजिन डिझेलनं लख्ख धुवायचं. मग पुसून त्यावर अंगाला लावायची पांढरी पावडर उडवायची. वीस मिनिटं इंजिन चालवायचं. तेल जिथून निघतं तिथून पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. चोर सापडला.

काय म्हणालीस? गाडीला पावडर? हो बाई. तुला लागते त्याच्या निम्म्यात तिचं भागतं.

शेठ चावी देऊन गेला. फोरमन खड्ड्यात उतरला, दिवा वर धरला आणि थांबला. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याला कापड गुंडाळलं गेलं होतं. खाकी. बटणासकट. आणि त्यात केस.

आता मागचं सांगतो. सोमवारी रात्री शेठच्या खडीच्या कारखान्यातला वॉचमन घरी चालत येताना मेला होता. पोलिसांनी लिहिलं, अज्ञात वाहन. पेपरात त्याच्या पुढची पायरी: दारूच्या नशेत रस्त्यावर झोपला होता. कोणी सांगितलं? कोणी नाही. कोणी विचारलं? तेही नाही. मेलेला माणूस बदनामीचा दावा थोडाच लावतो! त्याची बायको तीन दिवस दारोदार एकच सांगत फिरत होती, "माझा माणूस थेंबाला शिवला नाही हो." फोरमनच्या दारातही येऊन गेली होती. "या रस्त्याच्या गाड्या तुमच्या नजरेखालून जातात, भाऊ. काही दिसलं तर सांगा. त्याला बेवडा म्हणून जाळला लोकांनी."

फोरमननं शेठला फोन लावला.

"शेठ, गाडीखाली कापड..."

शेठनं मध्येच तोडलं, "आधी धुवायचं असतं ना? धू."

"शेठ, अहो, माणूस..."

"खड्ड्यात काम करतोस, फोरमन. डोक्यावर दीड टनाची गाडी असते. जपून."

आणि फोरमननं धुतलं. हो, धुतलं. कापड सोडवून जाळलं. केस, बटण, वाळलेलं जे काही चिकटलं होतं ते सगळं डिझेलबरोबर गटारात. तुम्ही काय केलं असतं ते मनातल्या मनात ठरवा. मला सांगू नका.

रात्री साडेअकराला त्यानं पावडर उडवली. इंजिन वीस मिनिटं चाललं. मग बंद करून तो दिवा घेऊन खाली उतरला.

इंजिन वरून खालपर्यंत कोरडं. पांढरं. फक्त तळाशी, तेलाच्या चेंबरवर...

पाच रेघा.

पुढून मागे ओढलेल्या. बोटांच्या. शेजारी आणखी पाच. जरा मागे पुन्हा पाच. कोणीतरी खालून चेंबर धरतंय, हात निसटतोय, परत धरतंय. कितीतरी वेळा. आणि शेवटच्या बोटापाशी केसाएवढी चीर. तिथून तेल.

इंजिन चालू असताना खड्ड्यात कोणीही उतरलं नव्हतं.

फोरमनला कळलं. वॉचमन झोपला नव्हता. धडकेनं मेलाही नव्हता. गाडीखाली अडकून, जिवंत, चेंबरला लटकत फरफटत गेला होता. आणि वर बसून गाडी हाकणाऱ्याला त्याचं ओरडणं ऐकू आलं नसेल? सोडा हो.

भ्यालेल्या माणसाचे हात सवयीनं चालतात. चीर बुजवायची तर आधी तेल काढायचं. फोरमननं खालचा बोल्ट काढला, चार लिटर तेल ट्रेमध्ये उतरवलं. पावडरीला मात्र हात लावला नाही. सकाळी लोकांना बोलावून हे दाखवायचं, एवढं त्यानं ठरवलं होतं.

एक वाजून दहा मिनिटांनी शेठ आला. वाकला. बघितलं.

"पूस ते."

"नाही."

"पूस म्हणतो ना!"

"शेठ... तो जिवंत होता."

शेठनं जॅकचा दांडा उचलला. पहिला फटका खांद्यावर. हाड वाजलं. दुसरा तोंडावर. फोरमन दात थुंकत भिंतीपाशी कोसळला. शेठनं गाडीची चावी काढून खिशात टाकली, चिंधी घेतली आणि स्वतःच खड्ड्यात उतरला.

खस... खस... चिंधी घासल्याचा आवाज.

मग तो थांबला.

"फोरमन, हात सोड."

फोरमन दहा फुटांवर पडला होता.

"सोड रे! मोडेल हात..."

...

"फोरमन? तू... तू कुठंयस?"

"इकडे," फोरमन म्हणाला. "भिंतीपाशी."



इंजिन सुरू झालं.

चावी शेठच्या खिशात. स्टिअरिंगवर कोणी नाही. गाडी पुढे सरकली. शेठची छाती खड्ड्याच्या कडेवर आपटली. सिमेंटचा टवका उडाला. मग तो आख्खा वर खेचला गेला. गाडीच्या पोटाला. किंचाळत. शेडचं दार फुटलं. रस्ता. अंधार. किंचाळी लांब जात राहिली... लांब... बराच वेळ.

सकाळी गाडी सहा किलोमीटरवर सापडली. वॉचमन सापडला होता, तिथेच. शेठ खाली होता. होता म्हणजे, उरला तेवढा. पोलिसांनी लिहिलं, ब्रेक निकामी. त्यांच्या पेनाला ते वळणच आहे.

फोरमननं शेडमध्ये बघितलं. ट्रेमध्ये चार लिटर तेल जसंच्या तसं. आणि शेडपासून रस्त्यावर तेलाची ताजी, अखंड रेघ.

खांद्याला झोळी बांधून तो त्या रेघेमागे चालत निघाला. गाडीपाशी पोचला. रेघ थांबली नव्हती. पोलिसांच्या बुटांमधून पुढे गेली होती, रस्ता सोडून वळली होती. अशा बोळात, जिथून दोन माणसं शेजारी शेजारी जाऊ शकत नाहीत. बोळाच्या टोकाला वॉचमनचं घर.

त्यानं कडी वाजवली. बायकोनं दार उघडलं.

"वहिनी," फोरमन फुटक्या तोंडानं म्हणाला, "तो झोपला नव्हता. मी सगळं धुवून टाकलं... पण मी बघितलंय. चौकात उभा राहून सांगतो. नाव घेऊन सांगतो."

ती खाली बघत होती.

रेघ उंबरा ओलांडून आत गेली होती. भिंतीपाशी एक खाट होती. वॉचमन झोपायचा त्या बाजूपर्यंत. तिथे संपली होती. अजून ओली.

दाराला रात्रभर आतून कडी होती.