तांबडा ठिपका

ध्रुवबाई हे नाव तिला कचेरीनं ठेवलं होतं. उभ्या जन्मात बर्फ पाहिला तो फ्रीजमधला, पण पोटापाण्याला ध्रुव. रोज सकाळी उपग्रहाकडून नकाशा यायचा. ध्रुवावर, विमानांच्याही खूप वर, हवा किती थंड आहे याचा. त्यातले बिघडलेले आकडे हुडकायचे, शेजारच्या आकड्यांची सरासरी तिथे भरायची आणि नकाशा पुढे धाडायचा. घरी वडील, आप्पा, तापानं अंथरुणाला खिळलेले. रात्री त्यांच्या उशाशी जागरण, दिवसा हे काम. ती पार दमली होती.

एके सकाळी उणे सत्तर अंशांच्या त्या निळ्या पसाऱ्यात एक तांबडा ठिपका दिसला. अधिक अडतीस पूर्णांक नऊ. घरून निघताना आप्पांचा तापही तेवढाच होता. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे अडतीस पूर्णांक दोन. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं तिनं स्वतःला बजावलं.

"पुसून टाका की तो," साहेब म्हणाले. "तिथं काय कुणी चूल पेटवलीय?"

तिनं नेहमीप्रमाणे सरासरी भरली. उणे एकाहत्तर. तेवढ्यात फोन वाजला. आप्पांजवळ बसणाऱ्या मावशी होत्या.

"ताई, ताप उतरला. पण गार पडलेत हो. हात लावला तर बर्फ लागतोय."

सरासरी खोडून तिनं त्या जागी निरोगी माणसाचे सदतीस अंश भरले. फोनमधून खोकला ऐकू आला.

"चहा मागतायत," मावशी म्हणाल्या.

तेव्हापासून आप्पा सदतीसवर. सकाळ-संध्याकाळ, केसभर फरक नाही. डॉक्टर खूश. पण नव्या नकाशांत तो ठिपका येईनासा झाला होता, आणि रोज सदतीस तिलाच हातानं भरावे लागत. रजा नाही, रविवार नाही. एकदा पोहोचायला उशीर झाला, तर आप्पांची नखं निळी पडली. एकदाचं सुटावं, असं तिला कधीकधी वाटे आणि मग स्वतःचीच लाज वाटे.

एका दुपारी साहेब टेबलापाशी आले.

"उपग्रह म्हातारा झाला. उद्यापासून बंद. दमलात ध्रुवबाई, आता विश्रांती घ्या."

ती घरी आली. कुणाला काही बोलली नाही.

आप्पा उठून बसले होते. हातात थर्मामीटर.

"दमलीस पोरी. आता विश्रांती घे," ते म्हणाले. "हा काही आता लागायचा नाही."

तिनं तो घेतला. पारा सदतीसवरच होता.

त्यांची बोटं टेकली होती तिथे काचेवर हिम धरलं होतं.