आत कोण आहे?

छापखान्यातल्या मुद्रितशोधकाला सगळे ‘कानामात्रा’ म्हणायचे. तीस वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या चुका काढल्या, पण स्वतःचा शब्द कधी कुणाच्या मजकुरात घुसडला नाही. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, त्यामुळे लांबची कामं आपसूक त्याच्याच गळ्यात पडत. त्या दिवशीही तसंच झालं. वादळात बेपत्ता झालेल्या एका कवीचं शेवटचं पुस्तक छपाईला चाललं होतं आणि शेवटच्या कवितेची शेवटची ओळ अर्धीच होती. मूळ वही कवीच्या थोरल्या बहिणीकडे होती, समुद्राकाठच्या कड्यावरच्या घरात.

तो पोचला तेव्हा चारच वाजले होते, पण आभाळ असं भरून आलं होतं की दिवा लावावा लागला. ताईंनी चाचपडत वही आणून दिली. त्यांना आता दिसत नव्हतं.

“मोठ्यानं वाचा,” त्या म्हणाल्या. “तो गेल्यापासून त्याची कविता ऐकली नाही.”

बाहेर वाऱ्यानं थैमान मांडलं होतं. कौलं खडखडत होती आणि खिडकीच्या फटींतून कुजलेल्या शेवाळाचा वास आत येत होता. त्यानं पानं उलटली. आधीच्या कवितांतलं वादळ सगळ्या कवींचं असतं तसंच होतं. कुठे राक्षस, कुठे पिसाळलेला हत्ती, कुठे रणगर्जना.

“कवींना वादळाची ताकद तेवढी दिसते,” ताई म्हणाल्या. “यालाही तीच दिसायची. शेवटी शेवटी मात्र दाराला कान लावून बसायचा. म्हणायचा, ताई, ते चिडलेलं नाही गं... एकटं आहे.”

त्यानं शेवटची कविता वाचायला घेतली.

“गर्जत नाही, मोडत नाही,
दारोदारी फिरते आहे;
एवढेच विचारते, आत कोण?
आत आहे...”

पुढे नुसता शाईचा डाग होता, लेखणी टेकवून कुणी बराच वेळ थांबावं तसा.

तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं, बाहेरचा वारा थांबला होता. पडला नव्हता; ऐकायला थांबावा तसा थांबला होता.

“ओळ अर्धी नाही,” ताई कुजबुजल्या. “उरलेलं त्यानं बोलून सांगितलं... आणि दार उघडून गेला.”

दाराची कडी जराशी उचलली गेली. पुन्हा खाली आली. अगदी हलकेच.

“गप्प राहा,” ताईंनी त्याचं मनगट घट्ट धरलं. “मी दर वेळी गप्प राहते...”

कडी पुन्हा उचलली गेली. ताईंची पकड आणखी घट्ट झाली. पण त्याच्या दाराशी येऊन असं कधी कुणी विचारलंच नव्हतं. तोंडून शब्द निसटला.

“मी.”

दार उघडलं नाही. बाहेर पायऱ्यांवरून पाणी ओघळत गेल्यासारखा आवाज झाला, इतकंच. ताईंनी त्याचा हात सोडला.

“हे काय केलंत हो...” त्या म्हणाल्या.

तो शहरात परतला तेव्हा झाडाचं पानही हलत नव्हतं. खोलीत शिरून त्यानं नेहमीसारखा प्यायला पाण्याचा पेला भरला. मग का कुणास ठाऊक, दुसराही भरला आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला ठेवला. स्वतःचंच हसू आलं त्याला.

सकाळी तो दुसरा पेला अर्धा रिकामा होता. उरलेलं पाणी त्यानं जिभेला लावून पाहिलं.

खारट होतं.