गाडीत दोष नाही

तिने बॉनेटवर तळहात ठेवला आणि तिच्या कपाळावर आठी चढली. बॉनेट गरम!

"थंड इंजिन हवं, असं फोनवर सांगितलं होतं ना?"

लाल स्पोर्ट्स कारचा मालक गडबडला. बाह्या कोपरापर्यंत ओल्या, हातात फडकं. "तुम्ही येणार म्हणून धुवून आणली... चुकलं का?"

जुनी गाडी घेण्याआधी तपासून देणं हा तिचा धंदा. गरम इंजिन लबाड असतं. थंड असतानाचा धूर, खडखड सगळं लपवून ठेवतं. आणि या खेपेला गिऱ्हाईक तिचा सख्खा मामा होता. आयुष्यभराची हौस त्याने भाचीच्या एका शब्दावर सोडली होती.

"उद्या सकाळी येते. तोवर हात लावायचा नाही," तिने दम दिला. तो नुसता हसला. ते हसू घरी पोहोचेपर्यंत काही तिच्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी इंजिन झटक्यात सुरू झालं. धूर नाही, खडखड नाही.

"ठणठणीत! विकता कशाला?"

"आईचे गुडघे. ती यात बसली, की तिला बाहेर काढायला मी आणि शेजारचे काका, दोघं लागतो."

ती खळखळून हसली. "उद्या एक चक्कर मारू, की माझं काम संपलं."

"संपलं?" त्याचा चेहरा पडला. का, ते तिला कळेना. याला गाडी विकायचीय ना?

चक्कर मारायला निघाले, तर कोपऱ्यावरच गाडीला उचक्या लागल्या. तिने बॉनेट उघडलं. एका प्लगला ठिणगी देणारी वायर सुटलेली! खटका दाबल्याशिवाय ती सुटत नाही. म्हणजे कुणीतरी काढलेली. पण विकायला काढलेली गाडी कोण स्वतःच बिघडवतं? तिने त्याच्याकडे पाहिलं. तो आभाळाकडे पाहत होता.

तिने गुपचूप वायर लावली. आणि तोंडातून काय निघावं? "परत एकदा... बघावं लागेल."

असं का म्हणालो आपण? इंजिनाचं पोट तिला कळत होतं. स्वतःचं मन मात्र मुळीच कळेना.

संध्याकाळी मामाचा फोन. "अगं, गाडी घ्यायचीय मला, सोयरीक नाही जुळवायची! चांगली नसेल तर नाही म्हण, दुसरी बघतो."

'उद्या नक्की सांगते,' म्हणून तिने फोन ठेवला. मामाची हौस आपण उगाच टांगणीला लावली होती.

सकाळी पुन्हा उचक्या. या वेळी दुसरीच वायर. तिने ती त्याच्या नाकासमोर धरली. "हे काय आहे?"

"वायर..."

"कुणी काढली?"

"मी." त्याचे कान लाल झाले. "तुम्ही म्हणालात, काम संपलं. मग तुम्ही परत कशाला आला असता?"

"आणि मी मामाला 'घेऊ नकोस' म्हणाले असते तर? माझ्या शब्दाला काही किंमत आहे, कळतं का?"

"कळतं. चुकलंच." मग हळूच, "पण... कालची वायर तुम्हाला सापडली नव्हती?"

ती वायर बसवायला वाकली. खटका बसेना.

"कालच सापडली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"मला काय माहीत!" ती जवळजवळ ओरडलीच. "रोज सकाळी आरशासमोर दोनदा उभी राहते, तेही का ते माहीत नाही. तुम्ही... आवडता मला. झालं समाधान?"

तो काही बोलायच्या आत तिने फोन लावला. "मामा, गाडी उत्तम आहे. आजच घेऊन जा."

फोन ठेवला, तेव्हा तो समोर हिरमुसून उभा होता. "म्हणजे आता... उद्या नाही येणार?"

"येईन की," ती हात पुसत म्हणाली. "फक्त काही बिघडवून ठेवू नका."