बँडमास्तरांचे पाय

"माझ्या वडिलांना त्यांची बायको विष घालतेय," मुलगी दारातूनच म्हणाली. "रविवारी मी तिला घराबाहेर काढणार. पुरावा तेवढा तुम्ही शोधा."

तिचे वडील बँडमास्तर. त्यांची बायको म्हणजे हिची सावत्र आई. गुप्तहेर घाऱ्या डोळ्यांचे होते, म्हणून सगळे त्यांना घारेच म्हणत. त्यांनी टोपी उचलली. त्यांचा मेहुणा हातातला घास तोंडात कोंबून मागे धावला.

मास्तर खाटेवर पडून होते. एकेकाळी ट्रंपेट वाजवत मैदान दणाणून सोडणारा माणूस आता भिंत धरून चालत होता. पाय कुठे पडतोय हे पायालाच कळत नव्हतं. चेहरा पांढराफटक.

"डॉक्टर काय म्हणतात?" घाऱ्यांनी मुलीला विचारलं.

"अंगात रक्त नाही म्हणतात. लोहाच्या गोळ्या कधीपासून चालू आहेत, पण पालथ्या घड्यावर पाणी! विषाची तपासणीही झाली, काही निघालं नाही. पण न सापडणारं विष असतंच की. आणि ती दार लावून वाढते त्यांना!"

"मास्तर, तुम्हाला कुणाचा संशय?"

मास्तरांनी तोंडावर हात धरला. "मला काही माहीत नाही." हाताआडूनही पुदिन्याचा वास आला.

"अजून वाजवता?"

"रोज. बसल्या बसल्या."

घाऱ्यांनी ट्रंपेट हातात घेतला. ओठ टेकतात त्या कडेला गुलाबी, चिकट थर होता. त्यांनी तो नखाने खरवडून हुंगला. ट्रंपेट पेटीत ठेवताना पेटीचं अस्तर एका बाजूला फुगलेलं दिसलं.

स्वयंपाकघरात सावत्र आई सफरचंदाच्या कागदासारख्या पातळ फोडी करत होती.

"दार का लावता?"

"जेवताना कुणी पाहिलेलं त्यांना खपत नाही."

"तुम्ही काय जेवता?"

"त्याच भांड्यातलं."

"मग तुम्ही कशा ठणठणीत?" मेहुण्याने डाव टाकला.

"कुणास ठाऊक."

"बाई, रविवारी घर जाईल तुमचं," घारे म्हणाले.

तिची सुरी थांबली. "जाऊ दे. शब्द दिलाय."

बाहेर येताच मेहुणा कुजबुजला, "भावजी, बाई काहीतरी लपवतेय."

"लपवतेय. पण स्वतःचं नाही."

घाऱ्यांनी डॉक्टरांना गाठून रक्ताची आणखी एक तपासणी करायला लावली.

रविवारी सावत्र आईची पिशवी उंबऱ्याशी भरून ठेवलेली होती. घाऱ्यांनी पिशवीकडे पाहिलंही नाही. त्यांनी ट्रंपेटची पेटी उघडून अस्तर उचकटलं. पिळून चपट्या झालेल्या ट्यूबा जमिनीवर पडल्या.

"कवळी चिकटवायची पेस्ट," ते म्हणाले.

"कवळी? बाबांना?"

"पुदिन्याचा वास, ट्रंपेटवरचा थर, पातळ फोडी, बंद दार. कवळी हलली की सूर फाटतो. म्हणून मास्तर पेस्ट थापत राहिले आणि ती पोटात जात राहिली. या पेस्टमध्ये जस्त आहे."

"म्हणजे जस्ताचं विष?" मेहुण्याने विचारलं.

"जस्त शरीराला लागतं, पण चिमूटभर. ते फार झालं की आतड्याच्या पेशी त्याला धरून ठेवणारं एक प्रथिन बनवतात. तेच प्रथिन तांब्याला जास्त घट्ट धरतं. थोड्या दिवसांनी त्या पेशी झडतात आणि अडकलेलं तांबं त्यांच्याबरोबर बाहेर जातं. ताटात तांबं आहे, पण रक्तात पोचत नाही. तांब्यावाचून लोहाचा उपयोग होत नाही, म्हणून गोळ्या वाया. मज्जातंतूंनाही तांबं लागतं, म्हणून पाय बधिर. नव्या तपासणीत तांबं जवळजवळ नाहीच, जस्त मात्र भरमसाट. पोटात काय गेलं हे सगळ्यांनी शोधलं. रक्तात काय पोचलं नाही हे कुणी पाहिलंच नाही."

"पाय बरे होतील?" मुलीने विचारलं.

"पेस्ट थांबवून तांबं दिलं की रक्त भरून येईल. पायांची खात्री डॉक्टर देत नाहीत."

मुलगी सावत्र आईकडे वळली. "तुम्ही बोलला का नाहीत?"

"त्यांनी शपथ घातली होती. दात गेलेल्या वाजवणाऱ्याला कोण उभं करतं? पण त्या पेस्टनेच हे होतंय, हे मला ठाऊक असतं तर शपथ मोडली असती गं."

"आणि बाबा, मी यांच्यावर विषाचा आळ घेत होते, तेव्हा तुम्ही इथेच होता. ऐकत होता."

मास्तरांचा हात सवयीने तोंडावर गेला.

सावत्र आईने फोडींची बशी त्यांच्या उशाशी ठेवली आणि पिशवी उचलली.

"आता कुठे? आता तर तुम्हाला कुणी काढत नाही!" मुलगी म्हणाली.

"तू काढायला निघाली होतीस, तेव्हा हे एक शब्द बोलले असते तर मी राहिले असते."

मास्तर तिला अडवायला धडपडत उठले. पाय जमिनीला टेकला, पण टेकल्याचं त्यांना कळलं नाही. ते कोसळले तेव्हा ती उंबऱ्यापलीकडे गेली होती.