आबांच्या मोटारीचं हँडल

आबांची काळी मोटार मुरबाडच्या आमच्या घरामागे, पेंढ्याच्या छपराखाली उभी असे. आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांची भातगिरणी होती. गाडी लोखंडी हँडल फिरवून चालू करावी लागे, आणि गिरणीवरच्या माणसाला मारायचं झालं तरी तेच हँडल त्यांच्या हातात येई. मला मात्र शेजारी बसवून म्हणत, "तू वाच रे. तुझ्या वाटेला जाईल त्याला मी बघतो."

गाडी त्यांनी मरताना माझ्या नावावर केली. इंजिन १९९१ सालीच विकलं. बॉनेटखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या. तरी निवृत्तीनंतर माझी दुपार त्याच पुढच्या सीटवर पुस्तक घेऊन जाई. फाटक्या सीटला अजून तंबाखूचा आणि कोंड्याचा वास होता.

२००३च्या दिवाळीनंतर पुतण्या अनिल म्हणाला, "काका, आसनगावचा हॉटेलवाला गाडी नेतोय. हायवेला शोभेला ठेवणार. तुमाला खुर्ची आणून देतो."

"बघ बाबा," मी म्हणालो. आयुष्यभर मी नकार असाच दिला, आणि तो कोणालाच कळला नाही.

काळूराम मेकॅनिक टेम्पो घेऊन आला. अनिलला मस्करी सुचली. त्याने हँडल पुढच्या भोकात घातलं.

"इंजिन नाय, काय नाय. कोंबडी चालू करतो काय?" काळूराम हसला.

अनिलने अर्धा फेरा दिला. हँडल उलटं फिरलं. मनगट मोडल्याचा आवाज मला ओसरीवर ऐकू आला. हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. काळूरामने बॉनेट उघडलं. हँडलच्या टोकाला काहीच नव्हतं. कोंबडी अंड्यांवर शांत बसून होती.

हँडल मात्र निघेना.

पंधरा दिवसांनी अनिल प्लास्टरसकट घण घेऊन आला. "भंगारच करतो हिचं!" डाव्या हाताने त्याने काच फोडली. मी ओसरीवर उभा होतो. राग घशापर्यंत आला. मी तोंड मिटून घेतलं.

दिवा फोडायला तो पुढे वाकला.

हँडल फिरू लागलं. सावकाश. मग इतकं जोरात की दिसेनासं झालं.

पहिला फटका जबड्यावर बसला. दात पेंढ्यात उडाले. सदरा हँडलमध्ये गुंतला, आणि ते त्याला खाली ओढून हाणत राहिलं.

त्याची बायको संजीवनी किंचाळली, "काका, नुसतं बघता काय! काय तरी बोला!"

शब्द सापडेना.

"आबा, पुरे!"

हँडल थांबलं.

शब्द सापडायला किती वेळ लागला, सांगता येत नाही. तो खरंच सापडत नव्हता का, हेही.

अनिल वाचला. नळीने पेज घेतो, बोलत नाही. गाडी न्यायला कोणी आलं नाही.

काल त्याच्या दोन वर्षांच्या मुलीने, भूमिकाने, माझ्या पुस्तकाचं पान फाडलं. संजीवनी हातातलं टाकून धावत आली.

"काका, रागावला नाय ना?"

"नाही."

"खरंच?"

मला उत्तर द्यायला जरा उशीर झाला. तिने मुलीला उचललं आणि तशीच अनवाणी रस्त्याकडे पळत सुटली.