जामसरच्या चढावर अडलेला ट्रक

हरिभाऊ बोलायला लागला की समोरच्याने फक्त मान हलवायची, असा त्याचा कायदा होता. आरोप तोच करायचा, साक्ष तोच द्यायचा, शिक्षाही तोच सांगायचा. ट्रक वहिनीचा, पण रुबाब याचा. आणि वर वहिनीलाच म्हणायचा, चहा टाका.

त्या सकाळी तो गोजाबाईच्या ओट्यावर चपलांसकट चढला.

"वहिनी, तुमच्या लाडक्या सखाने गाडीची वाट लावली! जामसरच्या चढावर अडलीय. भात भरलेलं, इंजिन चालू, आणि गाडी जागची हलत नाही. गिअरबॉक्स गेला."

"चपला काढा. मग बोला."

हरिभाऊने चपला काढल्या, पण तोंड थांबवलं नाही. "काल नाशिकहून मी आणली तेव्हा लोण्यासारखी चालली. काटासुद्धा हलला नाही डिझेलचा. आज त्याने हात लावला आणि मेली! स्टँडवर सगळ्यांना सांगून आलोय, याला कोणी गाडी देऊ नका. संध्याकाळी नवा ड्रायव्हर येतोय."

"मला न विचारता?"

"तुम्हाला यातलं काय कळतं? आणि ते दुखण्याचं मलम द्या जरा. खांदा भरून आलाय."

"कशाने?"

"सिमेंटच्या गोण्या उतरवल्या ना काल नाशिकला."

गोजाबाईने मलम दिलं. हरिभाऊने गोणी उचललेली जव्हारात कोणी पाहिली नव्हती. पण तेव्हा तिच्या डोक्यात सखा होता. स्टँडवर एकदा नाव खराब झालं की जव्हार-मोखाड्यात त्या माणसाला स्टेअरिंग मिळत नाही. साखरशेतला सखाच्या घरात कमावणारा तो एकटाच.

ट्रक तिने वर्षापूर्वी ठाण्याच्या एका ठेकेदाराकडून जुना घेतला होता. त्याला क्लच नव्हता. गिअर आपोआप पडायचे. पहिल्या दिवशी ड्रायव्हर मंडळी नुसती बघायला आली होती.

मेकॅनिक मुकेशच्या जीपमधून ती जामसरला पोचली. चाकामागे दगड लावून सखा रस्त्याच्या कडेला बसला होता. तिला बघून उठला.

"बाय, मी काय केला नाय."

"केलंस का, ते मी विचारलंच नाही अजून. काल कुठे होतास?"

"घरी. बहिणीचं लगीन होतं."

"आज गाडी कशी चालली?"

"रिकामी आली तवर चालली, पण झटके देत. वाटलं, थंड असेल. भात भरलं, चढ लागला, आणि इंजिन नुसतं ओरडाय लागलं. चाक फिरंना."

मुकेशने गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी ओढून बाहेर काढली. तेल काळं पडलं होतं. जळका वास गोजाबाईच्या नाकापर्यंत आला.

"आतल्या प्लेटी जळल्या," मुकेश म्हणाला. "तेलाविना घासल्यात."

"तेल कमी आहे?"

"नाही ना! पुरेपूर आहे. तेच कळत नाही."

"माल जास्त भरलाय?"

"नेहमीपेक्षा कमीच आहे."

"मग तूच चुकीचं तेल घातलंस."

मुकेश चिडला. "गोजाबाई, सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडला. तुम्ही स्टुलावर बसून माझंच डोकं खात होतात!"

ते खरं होतं. म्हणून तिचा राग आणखी चढला. तेल चांगलं, तेल पुरतं, माल कमी, आणि तरी गाडी मेलेली. कोणाच्या नावाने ओरडायचं तेच कळेना.

"हे बघ. तेल खाली बसलेलं असतं ना? सगळीकडे नेतं कोण?" तिने विचारलं.

"पंप."

"पंप कोण फिरवतं?"

"इंजिन. दुसरं कोण?"

गोजाबाई जीपमध्ये जाऊन बसली.

"चल. काल गाडी आली त्या वाटेने."

"त्र्यंबकच्या रस्त्याला? कशाला उगाच?"

"तुला घरी कोणी वाट बघणारं आहे का? नाही ना? मग चल."

मोखाड्याच्या पुढे, तोरंगण घाटाच्या पायथ्याशी धोंडीबाईची चहाची टपरी लागते. गोजाबाई उतरली तशी धोंडीबाईने तोफ डागली.

"तुझ्या दिराला जरा आवर घाल गं! काल माझ्यावर केवढा ओरडला! चहा तयार नाही म्हणून."

"का नव्हता तयार?"

"मी आवाजावर चहा टाकते. वरच्या वळणावर ट्रक गुरगुरला की पातेलं चढवायचं, तो दारात येईपर्यंत उकळतो. सगळ्या ड्रायव्हर लोकांना ठाऊक आहे. काल गुरगुरलंच काही नाही. मी आपली भांडी घासतेय, मागे वळते तर ट्रक दारात! भूत आल्यासारखा. आणि हा खांदा चोळत उतरला."

"खांदा? उतरतानाच?"

"हो. मुठी पण उघडत नव्हत्या त्याच्या."

"निघताना?"

"निघताना गाडी हलेचना. इंजिन बोंबलतंय, गाडी तिथेच. दोनदा उतरून खाली वाकून बघितलं त्याने. मग दणका बसून निघाली. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणे, तू तुझा चहा बघ."

मुकेशच्या हातातला ग्लास तसाच राहिला. "न्यूट्रल," तो पुटपुटला.

"आता नको. स्टँडवर बोल."

संध्याकाळी जव्हारच्या स्टँडवर सगळे ड्रायव्हर जमले होते. नवा ड्रायव्हर पिशवी घेऊन उभा. सखा खाली मान घालून कडेला.

"भाऊजी," गोजाबाई म्हणाली, "काल घाट कसा उतरलात?"

"कसा म्हणजे? चालवत."

"इंजिन चालू होतं?"

"असणारच ना!"

"मग धोंडीबाईला ऐकू का आलं नाही? ती बहिरी नाही. तुमच्या शिव्या तिला नीट ऐकू आल्या."

कोणीतरी हसलं. हरिभाऊ नाही.

"मी सांगते. घाट लागला की गाडी न्यूट्रल करायची, इंजिन बंद करायचं आणि सोडून द्यायची. डिझेल वाचतं. इथे उभे आहेत ना, त्यातले अर्धे तेच करतात. याआधीचा क्लचवाला ट्रक तुम्ही तसाच चालवलात. पण हिच्या गिअरबॉक्सचं तेल इंजिन फिरवतं. काय रे मुकेश?"

"हो. इंजिन बंद आणि चाकं पळतायत, तर आत तेल पोचतच नाही."

"अख्खा घाट आतल्या प्लेटी कोरड्या घासल्या. इंजिन बंद, म्हणून स्टेअरिंग दगडासारखं जड झालं. तुमचा खांदा त्याने धरला, सिमेंटने नाही. गाडी घाटातच गेली होती. रिकामी होती तोवर कशीबशी ओढली. आज भार पडला, चढ लागला, आणि बसली. तेव्हा स्टेअरिंगवर सखा होता, एवढाच त्याचा गुन्हा."

"मी डिझेल वाचवलं!" हरिभाऊ ओरडला. "तुमचंच! गाडी अशी नाजूक असेल हे मला काय ठाऊक?"

आपण काय कबूल केलं ते त्याला जरा उशिरा कळलं.

"नव्हतं ठाऊक, मान्य," गोजाबाई म्हणाली. "तेवढंच असतं तर मी घरात बोलले असते, असं चारचौघांत नाही. पण टपरीसमोर गाडी हलेना, तेव्हा तुम्हाला कळलं. दोनदा वाकून बघितलंत. आणि घरी येऊन मला म्हणालात, लोण्यासारखी चालली. रात्रभर ते पोटात ठेवलंत. सकाळी पोराला तीच गाडी घेऊन भात भरायला जाऊ दिलंत. त्या चढावर ती मागे सरकली असती तर? आणि अडली हे कळल्यावर मदतीला गेला नाहीत. आधी इथे आलात, त्याचं नाव घालवायला."

"वहिनी, लोकांसमोर..."

"त्याचं नाव कुठे घेतलंत? लोकांसमोरच ना?"

तिने नव्या ड्रायव्हरला हाताने परत जायला सांगितलं. मग दिराकडे वळली.

"आता ऐका, भाऊजी. गाडी दुरुस्त होऊन येईल, तेव्हा चालवेल सखा. तुम्ही त्याच्या शेजारी बसायचं, क्लीनर म्हणून. तो म्हणेल तेव्हा उतरायचं, तो म्हणेल तेव्हा चाकामागे दगड लावायचा. आणि वाटेत कोणी विचारलं, पुढे बसलेला हा म्हातारा कोण, तर उत्तर सखा देईल. तुम्ही नाही."